रात्री दीड वाजताचे प्रश्न

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी खामगावला घरी होतो आणि रोज रात्री दीड-दोनपर्यंत जागा असायचो. शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले, आणि मी पांघरुणाच्या आत मोबाइल धरून तेच तेच प्रश्न शोधायचो. एकदाच झालं तर लागण होते का? किती दिवसांनी कळतं? लघवीला जळजळ म्हणजे काय? ब्राउजरची गुप्त खिडकी उघडायची, वाचायचं, बंद करायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडायची.

झालं होतं ते असं. मी पुण्यात नोकरी करतो. घरी यायला निघायच्या दोन दिवस आधी ॲपवर ओळख झालेल्या एका मुलीबरोबर मी रात्र घालवली. दोघांच्या मर्जीनं. पहिल्यांदा निरोध वापरला, पहाटे वापरला नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे घरी आल्यावर, लघवीला जळजळ सुरू झाली आणि मग थोडा स्राव. आईनं ताट वाढलं की मी दोन घास खाऊन उठायचो. ती विचारायची, "काहून रे, जेवून नाही रायला तू?" मी म्हणायचो, ॲसिडिटी झाली.

देवालाही मधे घेतलं. आमच्याकडे खामगावहून शेगावला पायी जाणारे लोक कमी नाहीत. मीही मनात बोललो, यातून सुटलो तर गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी येईन. नवस बोलून झाल्यावर पुन्हा मोबाइल उघडला.

मला इतिहास वाचायची सवय आहे. भीती वाटली की माणूस आपल्या सवयीकडे जातो. लक्षणं शोधता शोधता मी या आजारांचा इतिहास वाचायला लागलो. त्यानं जळजळ थांबली नाही, पण आपण नेमके कशाला घाबरलोय, हे मात्र कळायला लागलं.

भिंतीवरचा शब्द

भुसावळ ते अकोला रेल्वेनं प्रवास केलेल्या कोणीही रुळांच्या बाजूच्या भिंतींवर एक शब्द वाचलेला असतो: गुप्तरोग. चुन्याच्या भिंतीवर निळ्या-लाल अक्षरांत, खाली मोबाइल नंबर. लहानपणी मलकापूर, नांदुरा, जलंब असं स्टेशनांवर स्टेशन जाताना मी तो मोठ्यानं वाचला होता आणि बाबांनी खिडकीबाहेर दुसरंच काहीतरी दाखवलं होतं.

खरं तर अशा जाहिरातींना भारतात सत्तर वर्षांपासून बंदी आहे. १९५४ साली 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' नावाचा कायदा झाला. ज्या आजारांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, अशा आजारांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत उपदंश, परमा यांसारखे लैंगिक संबंधांतून होणारे आजार आहेत. कायदा कागदावर राहिला, भिंती रंगत राहिल्या. कारण सोपं आहे. ज्या दुखण्यासाठी माणूस ओळखीच्या डॉक्टरकडे जात नाही, त्याला अनोळखी भिंत बरी वाटते. तीन रात्री जागल्यावर मीही असाच एक नंबर फिरवला. पलीकडच्या माणसानं माझं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं आणि काहीही न तपासता आठ हजारांचा कोर्स सांगितला. मी फोन ठेवला. पण खोटं कशाला बोलू, दोन तास मी आठ हजार कुठून आणायचे याचा विचार करत होतो.

गुप्तरोग हा शब्द बघा. आजार शरीराच्या झाकलेल्या भागाला होतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ असावा. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ होतो, कोणाला सांगू नये असा रोग. क्षयाला, मलेरियाला असं नाव नाही. जुनी माणसं 'गरमी' म्हणत, 'परमा' म्हणत. तेही आवाज खाली घेऊनच.

दुसऱ्याचा रोग

या आजारांतला सगळ्यात भयंकर, म्हणजे उपदंश किंवा सिफिलिस, युरोपात १४९४-९५ च्या सुमारास मोठ्या साथीच्या रूपात दिसला. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीतल्या नेपल्सवर चालून गेला होता. त्याच्या भाडोत्री सैन्यात ही साथ पसरली आणि फौज मोडल्यावर सैनिकांनी ती घरोघर नेली. मग नाव काय द्यायचं, यावर भांडण सुरू झालं. इटालियन लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग. रशियात तो पोलंडचा रोग झाला. सिफिलिस हे नाव १५३० साली जिरोलामो फ्राकास्तोरो या इटालियन वैद्यानं लिहिलेल्या काव्यातल्या एका मेंढपाळाचं. तेही पुस्तकाच्या शीर्षकात फ्रेंच रोग म्हणूनच आलं.

आपण यात मागे राहिलो नाही. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर काही दशकांत भारतातल्या वैद्यांच्या नजरेस हा नवा आजार पडू लागला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात त्याचं नाव आहे फिरंगरोग. फिरंग्यांच्या मुलखात जास्त आढळणारा आणि फिरंगी स्त्री-पुरुषांच्या संसर्गानं होणारा, असं त्याचं वर्णन. औषध म्हणून त्यात चोपचिनी आणि पाऱ्याचे कल्प येतात. चोपचिनी म्हणजे चीनमधून येणारी एक मुळी. ती तेव्हा इतकी गाजत होती की गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

म्हणजे सगळ्या जगानं एकच गोष्ट केली. रोग कुठून आला? दुसऱ्याकडून. हे वाचताना मी हसलो. मग लक्षात आलं की पंधरा दिवस मीही तेच करतोय. रोज रात्री मी डोक्यात एकच प्रश्न फिरवत होतो: तिच्याकडून मला काय आलं असेल? तिचे आधी किती मित्र असतील? ती ॲपवर का होती? मी स्वतः ॲपवर का होतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तपासणी कोणाची?

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ त्या काळात नावारूपाला आली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. बाजार म्हटला की गाडीवान आले, हमाल आले, दलाल आले. घरापासून लांब राहणारी माणसं आली. आज मलकापूर-नांदुरा-खामगाव रस्त्यावर जसे ट्रक उभे असतात, तशा तेव्हा बैलगाड्या असतील.

खामगावची रेल्वे तयार होत होती त्याच सुमारास, १८६८ साली, सरकारनं 'इंडियन कंटेजस डिसीजेस ॲक्ट' आणला. इंग्रज सरकारची काळजी गोऱ्या सैनिकांची होती. छावण्यांमधले कितीतरी सैनिक लढाईऐवजी या आजारांमुळे दवाखान्यात पडून असत. उपाय काय काढला? वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांची नोंदणी करायची, ठरावीक दिवसांनी त्यांची सक्तीनं तपासणी करायची आणि आजारी वाटली तर 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या दवाखान्यात कोंडायचं. बरी झाल्याशिवाय सोडायचं नाही. नोंदणी चुकवली तर शिक्षा. कायदा छावण्यांपुरता राहिला नाही, मुंबईसारख्या शहरांतही तो लागू झाला.

तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी या कायद्यात नव्हती. आजार दोघांच्यात फिरतो आणि पकडायचं मात्र एकीला. वैद्यकीय दृष्टीनंसुद्धा हे बिनकामाचं होतं, कारण सुटून आलेल्या बाईला पुढचा गिऱ्हाईक पुन्हा तोच आजार देणार. इंग्लंडमध्येही असेच कायदे होते. तिथे जोसेफाइन बटलर या बाईंनी त्यांच्याविरुद्ध मोठी चळवळ चालवली आणि १८८६ मध्ये ते रद्द झाले. भारतातला कायदा १८८८ मध्ये गेला.

कायदा गेला तरी त्यामागची समज राहिली. पुरुषाला आजार 'लागतो' आणि बाई तो 'देते', ही वाक्यरचना आपण आजही वापरतो.

वाट पाहण्याचे दिवस

माझ्यासारख्या घाबरलेल्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी काय करता आलं असतं? वाट पाहता आली असती. उपदंशाचा पहिला फोड साधारण तीन आठवड्यांनी येतो, कधी दहा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. तो दुखत नाही आणि आपोआप जातो. माणसाला वाटतं, सुटलो. आजार मात्र आतच असतो आणि उपचार न झालेल्या काहींच्या हृदयावर, मेंदूवर तो दहा-वीस वर्षांनी उलटतो. पारा हेच औषध होतं आणि त्या पाऱ्यानं दात पडत, लाळ गळत राही.

परम्याचा जंतू १८७९ मध्ये अल्बर्ट नाइसर यांना दिसला. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधला. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्ततपासणी आली. मला ही तपासणी फार महत्त्वाची वाटते. अंगावर काही दिसत नसताना 'मला आहे की नाही?' या प्रश्नाला त्याआधी उत्तरच नव्हतं. १९१० मध्ये पॉल एर्लिख यांचं साल्व्हर्सान बाजारात आलं. ते आर्सेनिकचं औषध होतं, पाऱ्यापेक्षा बरं, पण त्रासदायकच. मग १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी उपदंशाच्या रोग्यांना पेनिसिलिन दिलं आणि साडेचारशे वर्षांचा आजार इंजेक्शनानं बरा व्हायला लागला. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तोच मुळी पेनिसिलिन बनवायला. मी पुण्यात रोज ऑफिसला जाताना त्याच भागातून जातो.

औषध आलं म्हणजे प्रश्न संपायला हवा होता. अमेरिकेतल्याच टस्कीगीची गोष्ट वाचा. १९३२ पासून तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. तुमचं रक्त खराब आहे, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही, कारण उपचार न केल्यास आजार कसा वाढतो हे बघायचं होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा हे थांबलं. माहिती दडवून ठेवणं हा या आजारांच्या इतिहासातला दुसरा जंतू आहे.

उत्तर देणारा माणूस

मराठीत या दुसऱ्या जंतूशी कोणी लढलं असेल, तर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं होतं, म्हणजे मुंबई लंडनच्या मागे नव्हती. हे काम चालू ठेवायचं तर नोकरी ठेवता येईना. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली.

त्यांची आठवण आपण संततिनियमनासाठी काढतो. पण त्यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा, यावरही १९२० च्या दशकात पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. शरीरसुखाला त्यांची हरकत नव्हती. त्यातून नको असलेलं मूल आणि आजार या दोन गोष्टी होऊ नयेत आणि त्या टाळायचं ज्ञान सगळ्यांना, विशेषतः बायकांना मिळावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं, खिशाला खार लावून. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. कोणाला न विचारता येणारे प्रश्न लोक पत्रानं पाठवत आणि कर्वे त्यांना उपदेशाचा डोस न पाजता उत्तर देत. पत्र टाकलं की उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट बघायची. मी पाच मिनिटांत दहा पानं उघडत होतो, त्यांना महिनाभर थांबावं लागे. एवढाच फरक. पांघरुणाखालचा माणूस तोच.

या प्रश्नोत्तरांसाठीच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. याआधी १९३१ मध्ये व्यभिचाराविषयीच्या लेखावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. या वेळी वाचकांनी विचारलेले हस्तमैथुन, समलिंगी संबंध असले प्रश्न आणि त्यांची उत्तरं हा गुन्हा ठरला होता. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही आणि लोकांच्या मनात विकृती असेलच तर ती ज्ञानानं जाईल, या धर्तीचा त्यांचा युक्तिवाद होता. ते खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. एका अर्थानं तो दंड मराठी वाचकाच्या शंकेला झाला. प्रश्न पडणं चालेल, पण तो छापून त्याचं उत्तर द्यायचं नाही, असं तो निकाल सांगत होता.

पोस्टरवरची भीती

१९६८ मध्ये सरकारनं निरोध बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. लाल त्रिकोणाबरोबर तो खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांत पोचला आणि ब्रँडचं नावच मराठीत त्या वस्तूचं नाव झालं. पण निरोध आला तो कुटुंबनियोजनासाठी, नवरा-बायकोसाठी. लग्नाबाहेर कोणी कोणाजवळ जातं, हे सरकारी जाहिरातीला माहीतच नव्हतं.

ते माहीत करून घ्यावं लागलं १९८६ मध्ये. चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातला एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा दाखवून दिला. सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढून एचआयव्ही झालेल्यांवर आयुष्यभर उपचार केले. आणि बघा, पहिले नमुने होते देहविक्रय करणाऱ्या बायकांचेच. या दोघींचा हेतू शिक्षेचा नव्हता, मदतीचा होता. पण बातमी गावोगाव पोचली ती जुन्या वळणानं: आजार त्या बायकांना आहे.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. माझ्या लहानपणी एसटी स्टँडवर, ढाब्यांवर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्याची पोस्टर असत. कवटी, साप, काळा रंग. एड्स म्हणजे मृत्यू. त्या पोस्टरांनी सावधपणा आणला असेल, पण माझ्या डोक्यात त्यांनी एक सरळ रेघ ओढून ठेवली होती: एक चूक, मग एड्स, मग मरण. त्या पंधरा रात्री मी त्याच रेघेवर चालत होतो.

आज ती रेघ खरी नाही. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. संसर्ग असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या व्यक्तीशी निरोधाशिवाय एकदा योनीसंबंध आला, तरी लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत चार ते आठ इतकी मोजली गेली आहे. नियमित उपचारानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही. याउलट परमा, क्लॅमिडिया, उपदंश, ट्रायकोमोनास हे चार बरे होणारे आजार जगात रोज दहा लाखांहून जास्त लोकांना नव्यानं होतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मी घाबरत होतो ते कमी शक्यतेच्या आजाराला. जो आजार बहुधा झालेलाच होता, त्याकडे दुर्लक्ष करत होतो.

"रोज आयकते मी"

सोळाव्या दिवशी मी आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. खामगावात कोणी बघेल म्हणून दुसऱ्या तालुक्यातलं निवडलं. मावसभावाकडे जातो म्हणून मोटारसायकल काढली. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं आणि लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाची सोय असते, दोन्ही मोफत, हे मी वाचलं होतं. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो.

आतल्या समुपदेशक मॅडम माझ्या मावशीच्या वयाच्या होत्या. मी सुरुवात केली, "एका मित्राला..." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बसा भाऊ. मित्राचं मित्र सांगन. तुमचं सांगा. काहून घाबरता? रोज आयकते मी."

मग मी सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, निरोध होता का विचारलं, लक्षणं विचारली. लग्न झालंय का हे विचारलं ते, बायको असेल तर तिलाही औषध द्यावं लागेल म्हणून. चूक काढली ती एकच.

"बहात्तर तासांच्या आत आले असते, तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा विचार करता आला असता. अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात. आता ती वेळ गेली. लक्षण दिसल्यावर तरी यायचं होतं. पंधरा दिवस काय करत होते?"

मी काय करत होतो? पंधराव्या शतकातलं नेपल्स वाचत होतो.

रक्त घेताना त्यांनी संमतीच्या कागदावर सही घेतली. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, असं २०१७ चा कायदा सांगतो. गुप्त हा शब्द पहिल्यांदाच माझ्या बाजूनं वापरलेला दिसला. डॉक्टरांनी तपासलं आणि करड्या रंगाचं एक पाकीट दिलं. या कार्यक्रमात लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं असतात. औषध समोरच घ्यायला लावलं. मेडिकलमधून मनानं गोळ्या घेऊ नका, परम्याचे जंतू औषधांना दाद देईनासे होत चाललेत, असंही बजावलं.

एचआयव्ही आणि उपदंश, दोन्ही निकाल निगेटिव्ह आले. पण इतक्या लवकरचा निगेटिव्ह पक्का नसतो. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा या, असं मॅडमनी कागदावर तारखांसकट लिहून दिलं. मी उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तिले सांगा."

"कोणाला?"

"ज्या पोरीचं सांगितलं तिले. तिच्या बी पोटात हेच असन. बाईले लवकर कळत नाही. अंगावर काढते आणि मग मूल राहत नाही म्हणून सात-आठ वर्षांनी कोणी हिला, कोणी नशिबाला बोल लावते."

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्क्यांची झाली होती. 'अंगावरून जातं' हे शब्द आपल्या आया-मावश्या वर्षानुवर्षं एकमेकींच्या कानात बोलत आल्या. ते आजारपण आहे आणि त्याला औषध आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकेकाळी बायकांना धरून तपासलं गेलं आणि नंतर कोणी तपासलंच नाही.

मी परत येताना चिखलीच्या रस्त्यावर एका टपरीशी गाडी थांबवली. चहा सांगितला. मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. इतके दिवस तिनं मला काय दिलं, हे मी मोजत होतो. मी तिला काय दिलं असेल, हे एकदाही मोजलं नव्हतं. पुण्यात त्याआधीही मी दोनदा बेफिकीर राहिलो होतो आणि तेव्हा काहीच झालं नाही म्हणून तपासलं नव्हतं. आजार माझ्याकडूनही गेलेला असू शकत होता. लॉक हॉस्पिटलचा कायदा वाचून मला राग आला होता. पण गेले सोळा दिवस माझ्या डोक्यात तोच कायदा चालू होता. तपासणी तिची, मी फक्त बाधित.

शेवटी एवढंच पाठवलं: मला संसर्ग निघालाय, बरा होणारा आहे. औषध घेतलंय. तुलाही असू शकतो, लक्षण नसलं तरी. सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. कोणामुळे ते मला माहीत नाही, कदाचित माझ्यामुळे. सॉरी, आधी सांगायला हवं होतं.

चहा संपेपर्यंत दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. घरी पोचलो, जेवलो. आईनं दुसरी भाकर वाढली ती घेतली. रात्री साडेअकराला फोन वाजला.

"सांगितलंस ते बरं केलंस," तिनं लिहिलं होतं. "मी दहा दिवस रोज रात्री हेच शोधतेय. मला वाटलं, तुला विचारलं तर तू म्हणशील तुझ्यामुळेच झालं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिलाही औषध मिळालं. सहा आठवड्यांची माझी तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांचीही. त्यानंतरच्या गुरुवारी मी खामगावहून शेगावला पायी निघालो. आईला वाटलं नोकरीत बढतीसाठी नवस असेल. मी तसंच वाटू दिलं. हा लेख वाचला तर तिला कळेल.